पाय जमिनीवर ठेवून जिंकलेली ४ ऑलिंपिक सुवर्णपदकं : चालण्याची शर्यत नक्की असते तरी काय

चालण्याची शर्यत म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, चालण्यात कसली आलीय शर्यत? मला याचा मनापासून राग येतो. माझी धाकटी बहीण कॉलेजात असताना ५ किलोमीटर वॉक करायची. पहाटे साडेपाचला सांगली-मिरज रस्त्याला ती पुढे आणि मी मागे सायकलवर घड्याळ घेऊन, आणि मला चांगले पाय मारावे लागायचे, सायकल नुसती सोडून दिली की ती लांब गेलेली असायची. दूधवाले वळून बघायचे, फिरायला आलेले काका लोक थांबून बघायचे, कधी चार पोरं मागून कंबर हलवत नक्कल करत यायची. ती कधीच काही बोलली नाही. घरी आली की पायरीवर बसून फ्रीजरमधली पाण्याची बाटली, आतलं पाणी गोठून दगड झालेलं, ती दोन्ही नडग्यांवर वरखाली फिरवत राहायची. पंधरा मिनिटं तरी. तोंडातून आवाज नाही, पण पायाची बोटं आखडलेली दिसायची.

तर हा लेख त्या हसणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांना खरंच कळून घ्यायचंय त्यांच्यासाठी पण. समजावताना मी पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योव्स्कीचं करिअर समोर ठेवणारे, कारण या खेळात माणसाला काय काय सोसावं लागतं आणि त्यातून तो कुठवर जाऊ शकतो हे एकाच माणसात बघायचं असेल तर त्याच्यासारखं उदाहरण नाही.

आधी नियम. नियम दोनच आहेत, आणि सगळं रामायण या दोन नियमांतच आहे.

पहिला, एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे. पळताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर हवेत असतो, दोन्ही पाय वर. वॉकमध्ये ते चालत नाही. पण नियमात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे, की पाय सुटलेला माणसाच्या नुसत्या डोळ्याला दिसला तरच तो फाउल. कॅमेरा नाही, स्लो मोशन नाही, फक्त डोळा. दुसरा नियम गुडघ्याचा. पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत सरळ राहिला पाहिजे, गुडघा वाकता कामा नये. पूर्वी पाय शरीराच्या खाली उभा आला की तेवढा सरळ असला तरी भागायचं, १९९०च्या दशकाच्या मध्यापासून टेकल्यापासूनच सरळ पाहिजे असं झालं आणि खेळ आणखी अवघड झाला.

हा दुसरा नियम कशाला असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचं कारण सोपं आहे, गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखं होऊन सरपटत पळालं तर हवेत न जाता पण पळता येतं. म्हणजे पहिला नियम पाळून खेळाचा जीव काढून घेता येतो. गुडघा सरळ ठेवायला लावला की ती पळवाट बंद.

आता हे अवघड का आहे ते बघू, कारण इथेच सगळे चुकतात. लोकांना वाटतं चालणं म्हणजे पळण्याची हळू आवृत्ती. तसं नाहीये. चालताना टेकलेला पाय काठीसारखा ताठ असतो आणि आपलं धड त्या काठीच्या टोकावरून एका छोट्या कमानीतून पुढे जातं, वर चढतं आणि खाली उतरतं. गाडी स्पीडब्रेकरवरून जाते तसं समजा. हळू नेली तर चाकं रस्त्याला चिकटून वर जातात आणि खाली येतात, जोरात नेली तर गाडी उसळते आणि चाकं सुटतात. माणसाचं पण तसंच आहे, एका वेगाच्या पुढे गुरुत्वाकर्षण तुम्हाला त्या कमानीवर धरून ठेवायला पुरत नाही आणि पाय आपोआप सुटतो. साधारण ९० सेंटिमीटर लांब पाय असेल तर गणिताने ही मर्यादा ताशी १०-११ किलोमीटरच्या आसपास येते. आपण तर त्याच्या खूप आधी, ताशी ७-८ झालं की नकळत पळायला लागतो, कारण त्या वेगाला पळणं शरीराला सोपं पडतं.

आणि हे लोक ताशी १५ किलोमीटरच्या वर चालतात. २० किलोमीटरचा जागतिक विक्रम जपानच्या तोशिकाझू यामानिशीने २०२५ मध्ये केला, १ तास १६ मिनिटं १० सेकंद. एका किलोमीटरला पावणेचार मिनिटांच्या थोडं वर. या वेगाने कोणी अख्खी मॅरेथॉन चालला असता तर २ तास ४१ मिनिटांत संपली असती. मुंबई मॅरेथॉनला जे दरवर्षी जातात त्यांना विचारा २ तास ४१ म्हणजे काय ते, पळून चार तासांच्या आत आलो तरी आपण महिनाभर सगळ्यांना सांगत असतो.

मग हे जमतं कसं? कंबरेने. ज्या कंबरेला लोक हसतात तीच इथलं इंजिन आहे. पाय पुढे टाकताना त्या बाजूचा खुबा पण पुढे फिरतो, त्यामुळे पाय जणू खुब्यापासून नाही तर पोटापासून सुरू होतो आणि पाऊल तेवढं लांब पडतं. त्याच वेळी हवेतल्या पायाची बाजू जरा खाली झुकते, त्यामुळे धड जास्त वर चढत नाही, म्हणजे तो स्पीडब्रेकरच चपटा होतो. दोन पावलं शेजारी शेजारी न पडता जवळजवळ एकाच रेषेवर पडतात. हात कोपरात काटकोनात वाकलेले आणि खांदे खाली, कारण कंबर जेवढी एकीकडे फिरते तेवढाच वरचा भाग उलटा फिरवून तोल सांभाळावा लागतो. डोकं मात्र स्थिर. चांगला वॉकर समोरून येताना त्याचं डोकं एका आडव्या दोरीवरून सरकल्यासारखं दिसतं.

घरातल्या पॅसेजमध्ये करून बघा. फरशीच्या जोडाची रेघ पकडा, प्रत्येक पाऊल त्या रेघेवर, टाच आधी, गुडघा ताठ, आणि वेग वाढवत न्या. दहाव्या-पंधराव्या पावलाला नडगीच्या बाहेरच्या बाजूला जाळ झाल्यासारखं वाटेल. टाच टेकल्यावर पंजा धपकन आपटू नये म्हणून तो धरून ठेवणारा स्नायू तिथे असतो, आणि रोजच्या आयुष्यात त्याच्यावर एवढी वेळ कधी येत नाही. २० किलोमीटरला एक चांगला वॉकर साधारण १६ हजार पावलं टाकतो, मिनिटाला दोनशेच्या वर. बहिणीच्या त्या बर्फाच्या बाटलीचं कारण हे.

आता पंच. हा भाग नीट समजला की खेळ समजला.

रस्त्यावरची मोठी शर्यत साधारण १-२ किलोमीटरच्या लूपवर होते, पुन्हा पुन्हा तोच रस्ता, आणि त्यावर ठिकठिकाणी पंच उभे असतात, मुख्य पंच धरून जास्तीत जास्त ९. लूप छोटा ठेवायचं एक कारण हेच, की प्रत्येक पंचाच्या डोळ्यासमोरून प्रत्येक जण अनेकदा जावा. पंचाला वाटलं की याचं आता सुटायला आलंय, तर तो पिवळं पॅडल दाखवतो, म्हणजे सावध हो. त्यावर खूण असते, आडवी नागमोडी रेघ म्हणजे पाय सुटतोय, कोनासारखी खूण म्हणजे गुडघा वाकतोय. आपल्याकडची पोरं याला कॉशन म्हणतात. पण पंचाला खरंच फाउल दिसला तर तो रेड कार्ड लिहितो आणि मुख्य पंचाकडे पाठवतो. एक पंच एका खेळाडूला एकच रेड कार्ड देऊ शकतो, शेजारच्या पंचाशी बोलून नाही, स्वतःच्या नजरेने. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन कार्डं झाली की पूर्वी सरळ बाहेर. आता बहुतेक मोठ्या शर्यतींत तिसऱ्या कार्डाला पेनल्टी झोन आहे, २० किलोमीटरला २ मिनिटं तिथे थांबायचं आणि मग पुढे जायचं, चौथं कार्ड आलं की खेळ खलास. रस्त्याच्या कडेला एक बोर्ड असतो, त्यावर प्रत्येकाच्या नंबरापुढे कार्डांचे ठिपके पडत जातात. धापा टाकत त्या बोर्डासमोरून जाताना प्रत्येक वॉकर मान वळवून आपला नंबर शोधतो.

विचार करा, दोन तास, तीन तास तुम्ही जीव काढून चालताय, आणि तुमचं सगळं भवितव्य रस्त्याच्या कडेला उभ्या एका माणसाला एका सेकंदात काय दिसलं यावर आहे. १०० मीटर पळणाऱ्याला फक्त घड्याळाशी भांडायचं असतं. वॉकर घड्याळाशी पण भांडतो आणि स्वतःच्या पायांना पण धरून ठेवतो, कारण पाय तर पळायलाच बघत असतात. थकल्यावर तर जास्तच. ४० व्या किलोमीटरला मांडीचा मागचा स्नायू आखडला की गुडघा आपोआप वाकतो, त्या माणसाला फसवायचं नसतं हो, त्याचं शरीर त्याचं ऐकत नसतं.

आता कोझेन्योव्स्कीकडे येऊ. जन्म ३० जुलै १९६८, पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यातलं, युक्रेनच्या सीमेजवळचं लुबाचूव नावाचं छोटं गाव. जगाने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९९२ ला बार्सिलोनात, ५० किलोमीटरमध्ये. ५० किलोमीटर म्हणजे पावणेचार-चार तास. हा २४ वर्षांचा मुलगा सगळं अंतर चालून दुसऱ्या नंबरावर स्टेडियमच्या दारापर्यंत आला. आत फक्त शेवटचा तुकडा राहिला होता. आणि तिथे, दारात, मुख्य पंचाने लाल पॅडल वर केलं. बाहेर. रौप्यपदक नाही, नंबर नाही, निकालात नावापुढे वेळसुद्धा नाही, जणू तो त्या दिवशी चाललाच नव्हता.

मला नेहमी वाटतं की इथे बहुतेक माणसं संपतात. एकतर पंचांवर चिडून आयुष्य घालवतात नाहीतर पुढच्या प्रत्येक शर्यतीत घाबरून हळू चालतात. तो पुढे इतका स्वच्छ चालायला शिकला की त्याचं टेक्निक बाकीच्यांना उदाहरण म्हणून दाखवायचे. वॉकमध्ये स्वच्छ चालणं हा नुसता सभ्यपणा नसतो, तो फायदा असतो. ज्याच्या चालीवर पंचांचा विश्वास बसलाय त्याला शेवटच्या ५ किलोमीटरला वेग वाढवता येतो, ज्याच्या नंबरापुढे बोर्डवर दोन ठिपके आहेत त्याला जोर असून पण वाढवता येत नाही.

१९९५ ला गोथेनबर्गच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला कांस्य, आणि १९९६ ला अटलांटात ५० किलोमीटरचं ऑलिंपिक सुवर्ण, ३ तास ४३ मिनिटं ३० सेकंद. बार्सिलोनाला जिथे दार बंद झालं होतं तिथे चार वर्षांनी तो पहिला आत आला. १९९७ ला अथेन्सला वर्ल्ड चॅम्पियन पण झाला.

आणि मग सिडनी, सप्टेंबर २०००. या खेळाचा सगळा गोडवा आणि सगळा कडवटपणा त्या एका आठवड्यात दिसला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२२ तारखेला पुरुषांची २० किलोमीटर. कोझेन्योव्स्कीची खरी ताकद ५० ची, २० म्हणजे त्याच्या मानाने फास्ट लोकांचं काम. शेवटी मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा त्याला मागे टाकून पहिला आला. मेक्सिकोत चालणं हा फार मानाचा खेळ आहे, आपल्याकडे कुस्तीला जसं गावागावात प्रेम आहे तसं. सेगुरा आनंदाने वेडा झालेला, त्याच्या हातात फोन दिला गेला, पलीकडे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो झेदियो, लाइव्ह टीव्हीवर अभिनंदन चाललंय, आणि तेवढ्यात मुख्य पंच येऊन त्याला सांगतात की तुझं तिसरं रेड कार्ड झालंय, तू बाद आहेस. त्याचा चेहरा बघितलेल्या लोकांना तो विसरता येत नाही. एवढा उशीर का झाला? कारण कार्ड म्हणजे कागद, तो पंचाकडून नोंद ठेवणाऱ्याकडे जायचा, तिथे तीन वेगवेगळ्या पंचांची तीन झाली का हे तपासायचं, मग मुख्य पंचाला कळवायचं, मग त्याने त्या खेळाडूला गाठायचं, आणि शेवटच्या किलोमीटरला कार्ड पडलं तर एवढ्यात माणूस फिनिश लाइन ओलांडून गेलेला असतो. आता पंचांच्या हातात इलेक्ट्रॉनिक यंत्रं असतात म्हणून हे लवकर होतं.

सुवर्ण कोझेन्योव्स्कीला मिळालं, १ तास १८ मिनिटं ५९ सेकंद. आठ वर्षांपूर्वी जे त्याच्या बाबतीत झालं तेच आता दुसऱ्याच्या बाबतीत होऊन त्याच्या गळ्यात पदक आलं. या गोष्टीत चांगलं-वाईट ठरवायला मला जमत नाही.

२८ तारखेला बायकांची २० किलोमीटर, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच, त्याआधी बायकांना १० च चालायला द्यायचे. चीनची लियू होंगयू आघाडीवर असताना बाद झाली, मग इटलीची एलिझाबेत्ता पेरोने आघाडीवर असताना बाद झाली, आणि मग पुढे कोण तर ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल. स्वतःच्या शहरात, सिडनीची पोरगी, आत स्टेडियममध्ये एक लाखाच्या आसपास माणसं तिची वाट बघत उभी, आणि ती बोगद्यातून आत शिरणार तेवढ्यात समोर लाल पॅडल. तोंडावर हात धरून ती तिथेच कोलमडली. सुवर्ण चीनच्या वांग लिपिंगला गेलं. सॅव्हिल पुढे चार वर्षांनी अथेन्सला गेली आणि कांस्य घेऊन आली, हे पण सांगायलाच पाहिजे, कारण लोक फक्त बोगद्याचा फोटो लक्षात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी, २९ ला, पुरुषांची ५० किलोमीटर. २० किलोमीटर जीव तोडून चालल्याला बरोबर एक आठवडा झालेला, कोझेन्योव्स्की परत उभा राहिला आणि ३ तास ४२ मिनिटं २२ सेकंदात जिंकला. एकाच ऑलिंपिकमध्ये २० आणि ५० दोन्ही जिंकणारा पहिला माणूस.

त्यानंतर २००१ ला एडमंटन आणि २००३ ला पॅरिस, दोन्हीकडे वर्ल्ड चॅम्पियन, पॅरिसला तर ३ तास ३६ मिनिटं ३ सेकंद असा त्या वेळचा जागतिक विक्रम. आणि २००४ ला अथेन्स, वय ३६, ऑगस्टचं ऊन, ३ तास ३८ मिनिटं ४६ सेकंद, सलग तिसरं ५० किलोमीटरचं सुवर्ण, एकूण चौथं. तिथेच त्याने थांबायचं ठरवलं. बार्सिलोनाच्या त्या लाल पॅडलनंतर ऑलिंपिकच्या ५० किलोमीटरमध्ये त्याला परत कोणी हरवलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल की टीव्हीवर स्लो मोशनमध्ये तर सगळ्यांचे दोन्ही पाय हवेत दिसतात, मग हे सगळे फसवतात का? हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की आता पाठ झालंय उत्तर. हो, दिसतात. अभ्यासकांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजलंय, साधारण ४० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पंचविसावा भाग, एवढ्या वेळापर्यंत पाय सुटलेला माणसाच्या डोळ्याला कळत नाही. वरच्या दर्जाचे जवळजवळ सगळे वॉकर त्या छोट्याशा फटीत चालतात. पण नियमच डोळ्याचा आहे, त्यामुळे ही फसवणूक नाही, नियमाच्या शब्दाप्रमाणे वागणं आहे. बुटाच्या तळाला चिप बसवून पाय किती वेळ हवेत होता हे मोजायचं काम बरीच वर्षं चालू आहे. मला स्वतःला ते यावं असं वाटतं, कारण पंचाच्या नजरेवर शंका घेत आयुष्य काढण्यापेक्षा आकडा बरा. बहिणीचं मत उलटं आहे. ती म्हणते मशीन आलं की सगळे ४० मिलिसेकंदांच्या बरोबर काठावर चालायला शिकतील, चाल बघायला कोणी उरणारच नाही. तिच्या बाजूला पण तथ्य आहे.

खेळाची काळी बाजू पण लपवून चालणार नाही. रशियात सारान्स्कला एक मोठं सेंटर होतं, तिथल्या व्हिक्टर चेगिन या कोचचे खूप खेळाडू डोपिंगमध्ये सापडले आणि शेवटी त्याच्यावर आजीवन बंदी आली. ऑस्ट्रेलियाच्या जॅरेड टॅलेंटला २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं ५० किलोमीटरचं सुवर्ण मिळायला २०१६ उजाडलं, कारण पहिला आलेला रशियाचा किर्द्याप्किन तेव्हा बाद ठरला. पदक मिळालं, पण त्या संध्याकाळचं राष्ट्रगीत कुठून आणणार.

५० किलोमीटरची शर्यत पण आता ऑलिंपिकमधून गेली, टोकियोची शेवटची. पॅरिसला तिच्याजागी एक बाई आणि एक पुरुष मिळून मॅरेथॉनएवढं अंतर चालायची रिले आली, आणि २०२६ पासून वर्ल्ड ॲथलेटिक्सने २० आणि ३५ किलोमीटरच्या जागी अर्ध मॅरेथॉन आणि मॅरेथॉनची अंतरं आणलीत. लोकांना अंतर पटकन कळावं हा हेतू. मला ५० गेल्याचं वाईट वाटतं, कोझेन्योव्स्कीसारखा माणूस त्याच अंतरातून घडला.

आपल्या देशात हा खेळ वाटतो त्यापेक्षा जुना आणि मोठा आहे. १९७८ ला बँकॉकच्या आशियाई खेळात हाकम सिंगने २० किलोमीटरला सुवर्ण आणलं, १९८२ ला दिल्लीत चांद रामने. म्हणजे सलग दोन वेळा आपण आशियात पहिले होतो आणि किती जणांना हे माहिती आहे? २०१२ ला लंडनला केरळचा के. टी. इरफान १० वा आला, १ तास २० मिनिटं २१ सेकंद, ऑलिंपिकमध्ये १० वा, ॲथलेटिक्समध्ये, भारताचा! जानेवारी २०२४ ला अक्षदीप सिंगने चंदीगडला १ तास १९ मिनिटं ३८ सेकंदांपर्यंत राष्ट्रीय विक्रम आणला.

प्रियांका गोस्वामीची गोष्ट तर मला फार आवडते. उत्तर प्रदेशातली, आधी जिमनॅस्टिक्स करायची. शाळकरी वयात एका स्पर्धेत पहिल्या तिघांना बॅग मिळणार होती, त्या बॅगेसाठी ती चालण्याच्या शर्यतीत उतरली. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये तिने १०,००० मीटरला रौप्य जिंकलं, ४३ मिनिटं ३८ सेकंद, वॉकमध्ये कॉमनवेल्थचं पदक आणणारी पहिली भारतीय बाई. त्याच स्पर्धेत संदीप कुमारला पुरुषांत कांस्य.

आणि राम बाबू. उत्तर प्रदेशच्या सोनभद्र जिल्ह्यातला, भूमिहीन मजुराचा मुलगा. नवोदय विद्यालयात शिकताना २०१२ चं ऑलिंपिक बघितलं आणि डोक्यात बसलं. आधी लांब पल्ल्याचं पळायचा, गुडघे दुखायला लागले म्हणून कोचच्या सांगण्यावरून चालण्याकडे वळला. पैशासाठी वाराणसीला वेटरचं काम केलं, लॉकडाउनमध्ये घरच्यांबरोबर मनरेगाच्या कामावर गेला. पुढे पुण्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये आला, तिथे बसंत बहादूर राणा, जे स्वतः लंडन ऑलिंपिकला ५० किलोमीटर चालले होते, त्यांच्या हाताखाली तयार झाला. २०२२ च्या नॅशनल गेम्सला ३५ किलोमीटरचा राष्ट्रीय विक्रम, आणि २०२३ ला हांगझोच्या आशियाई खेळात मंजू राणीबरोबर ३५ किलोमीटरच्या मिक्स्ड टीमचं कांस्य. २०२४ ला २० किलोमीटरमध्ये पॅरिसची पात्रता वेळ पण त्याने गाठली, पण आपल्याकडे ती वेळ गाठलेले तीनपेक्षा जास्त होते आणि एका देशाला जागा तीनच, त्याचा नंबर लागला नाही. एका बाजूने बघितलं तर वाईट, दुसऱ्या बाजूने बघा, तीन जागांसाठी भारतात एवढी चुरस असलेला ॲथलेटिक्समधला दुसरा प्रकार पटकन सांगा बरं.

आता थोडं बहिणीचं. तिला विद्यापीठाच्या एका स्पर्धेत शेवटच्या लॅपला तिसरं कार्ड पडलं, गुडघ्यासाठी. दुसऱ्या नंबरावर होती. मी बाहेरून ओरडत होतो की वाकला नाही, मला दिसलाय, आणि ती माझ्याकडे न बघता छातीवरचा नंबर काढून घडी घालत ट्रॅकच्या बाहेर आली. घरी येताना एसटीत म्हणाली, वाकला असेल रे, डावा, मला पण कळलं होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही शर्यतीत पंचावर ओरडलेलो नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसची बायकांची २० किलोमीटर आम्ही तिच्या घरी बघितली, दुपारची वेळ होती. तिने टीव्हीचा आवाज बंद केला, कॉमेंट्रीने लक्ष जातं म्हणते, आणि सोफा सोडून खाली, स्क्रीनच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली. कॅमेरा चेहऱ्यांवर गेला की चिडायची, अरे पाय दाखवा पाय. चीनची यांग जियायू लवकरच सगळ्यांना सोडून एकटी पुढे निघाली आणि एकटीच जिंकली, बहीण बोटाने मांडीवर तिच्या पावलांचा ठेका धरून बसलेली, मी मोजायचा प्रयत्न केला पण मला तो वेग धरताच आला नाही. पदकं ठरली, झेंडे गुंडाळून पोरी रस्त्यावर आडव्या पडल्या, चॅनेल दुसऱ्या खेळाकडे जायच्या तयारीत. प्रियांका अजून यायची होती, ती शेवटी ४१ वी आली. ताटं वाढून झाली होती, भावजी दोनदा हाक मारून गेले.

"थांबा हो," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "अजून पोरी चालतायत."